111 खुर्च्या आणि एक खुर्ची : नवी मुंबईतल्या एका अविश्वास ठरावाचं प्रकरण

वाशीत मी स्पर्धा परीक्षेच्या मुलांना राज्यशास्त्र शिकवतो. अमेरिकेची निवडणूक जवळ आली की वर्गात एक प्रश्न हमखास निघतो. एखाद्या पक्षाला दोनपैकी एकच मिळणार असेल, तर त्याने काय मागावं, राष्ट्राध्यक्षपद की काँग्रेस, म्हणजे तिथली संसद? वर्गाचे लगेच दोन तट पडतात. एका बाजूची मुलं म्हणतात, सैन्य त्याचं, परराष्ट्र धोरण त्याचं, न्यायाधीश नेमणारा तोच, मग सभागृह घेऊन करायचं काय? दुसरी बाजू म्हणते, पैसा सभागृहाशिवाय सुटत नाही, मग नुसती खुर्ची घेऊन बसणार किती दिवस? आवाज चढतात, तास संपतो आणि वाद तिथेच राहतो. वॉशिंग्टन कुणी पाहिलेलं नसल्यामुळे सगळं पुस्तकी होतं.

म्हणून गेली काही वर्षं मी हा प्रश्न आधी बेलापूरला नेतो. आपल्या शहरात, मुलांच्या डोळ्यांसमोर घडलेलं एक प्रकरण त्यासाठी चपखल आहे. त्यात एका बाजूला लोकांनी निवडून दिलेलं सभागृह होतं आणि दुसऱ्या बाजूला सगळी कार्यकारी सत्ता हातात असलेला एक माणूस. दोघांनी एकमेकांची ताकद शेवटपर्यंत ताणून पाहिली.

25 ऑक्टोबर 2016. दिवाळी तोंडावर आलेली. बेलापूरच्या महापालिका मुख्यालयात विशेष महासभा बोलावली होती आणि विषय एकच होता, आयुक्त तुकाराम मुंढे यांच्यावर अविश्वास. मुंढे मे महिन्यात आले होते, म्हणजे जेमतेम सहा महिने झाले होते. सभागृहात 111 नगरसेवक. एप्रिल 2015 च्या निवडणुकीत राष्ट्रवादीचे 52, शिवसेनेचे 38, काँग्रेसचे 10, भाजपचे 6 आणि अपक्ष 5 निवडून आले होते. महापौर राष्ट्रवादीचे, विरोधी बाकांवर शिवसेना. एरवी ज्यांचं एकमेकांशी पाण्याच्या टाकीवरूनही जमत नसे, ते त्या दिवशी एका बाजूला उभे राहिले. शंभराहून जास्त मतं ठरावाच्या बाजूने पडली. विरोधात राहिले ते भाजपचे सहा.

विद्यार्थ्यांनी इथे थांबून हिशेब करावा असं मी सांगतो. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाच्या कलम 36 नुसार आयुक्ताला परत बोलावण्याचा ठराव एकूण नगरसेवकांच्या पाच अष्टमांश मतांनी व्हावा लागतो. 111 चे पाच अष्टमांश म्हणजे 69 पूर्णांक काहीतरी, म्हणून 70. ठराव त्या रेषेच्या कितीतरी वर गेला. पुढे काय व्हायला हवं होतं? वर्गातलं जवळपास प्रत्येक मूल म्हणतं, आयुक्त गेले असतील.

आयुक्त गेले नाहीत. ते पुढचे पाच महिने त्याच खुर्चीवर होते. मार्च 2017 मध्ये त्यांची बदली पुण्याच्या परिवहन महामंडळात झाली.

भांडण कशाचं होतं

मुंढे आल्यावर अतिक्रमणांवर हातोडा पडायला लागला. दुकानांपुढच्या मोकळ्या जागा, हॉटेलांनी अडवलेले कोपरे, विनापरवाना बांधकामं. महापालिकेतल्या अधिकाऱ्यांवरही निलंबनाची कारवाई झाली. नगरसेवकांची तक्रार अशी होती की आयुक्त आम्हाला विश्वासात घेत नाहीत, लोकप्रतिनिधींचा मान ठेवत नाहीत, परस्पर निर्णय घेतात. दुसरीकडे शहरातल्या नोडमध्ये, म्हणजे सिडको या सरकारी महामंडळाने वसवलेल्या सेक्टरांमध्ये राहणाऱ्या लोकांना हा माणूस प्रचंड आवडला होता.

मी स्वतः त्यांच्यातलाच. शनिवारी सकाळी 'वॉक विथ कमिशनर' असायचा. आयुक्त एखाद्या उद्यानात येणार, लोक हातात अर्जाचे कागद घेऊन रांगेत, बाजूला खात्याखात्याचे अधिकारी वही घेऊन उभे. मी एकदा गेलो होतो. माझ्या पुढे एक निवृत्त गृहस्थ होते. त्यांनी प्लास्टिकच्या पिशवीतून तीन वर्षांच्या पत्रव्यवहाराच्या झेरॉक्स काढल्या, तारखेप्रमाणे लावलेल्या, प्रत्येकीवर आवक क्रमांकाचा गोल शिक्का. त्यांना दोन मिनिटं मिळाली असतील. पण परत येताना त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. आपलं म्हणणं अधिकार असलेल्या माणसाच्या कानावर थेट पडलं, याचं समाधान त्यावर होतं. एकाच खुर्चीत सत्ता एकवटलेली असली की लोकांना ती अशी हाताला लागते. सभागृह तसं कधी हाताला लागत नाही. 111 जणांच्या सभेला चेहरा नसतो.

अविश्वास ठराव झाला तेव्हा मला चीड आली होती, आणि ती मी वर्गात लपवली नाही. हे इथे लिहितोय कारण पुढे माझं मत बदललं, आणि ते का बदललं हा या प्रकरणाचाच भाग आहे.

खुर्चीत नेमकं काय असतं

मुलांना आधी वाटतं की महापौर म्हणजे शहराचा मुख्यमंत्री. तसं नाही. महापौर नगरसेवकांतून अडीच वर्षांसाठी निवडला जातो, महासभेचं अध्यक्षस्थान सांभाळतो, शहराचा प्रथम नागरिक म्हणून मिरवतो, पण एका शिपायाची बदली त्याच्या सहीने होत नाही. कार्यकारी अधिकार कलम 67 प्रमाणे आयुक्ताचे. ही रचना इंग्रजी अमदानीतल्या मुंबईपासून चालत आली आहे. 1998 मध्ये मुंबई आणि नागपूरला महापौर परिषदेची पद्धत आणून निवडून आलेल्यांकडे कार्यकारी सत्ता देण्याचा प्रयोग झाला होता. तो अल्पावधीतच गुंडाळला गेला.

मग सभागृहाकडे उरतं काय? पुष्कळ उरतं. अंदाजपत्रक आयुक्त तयार करतात, पण ते स्थायी समितीतून महासभेत येतं आणि तिथे मंजूर व्हावं लागतं. ठराविक रकमेपुढचं कंत्राट स्थायी समितीच्या मान्यतेशिवाय देता येत नाही. या समितीत 16 सदस्य असतात. वर्तमानपत्रं तिला तिजोरीच्या चाव्या म्हणतात ते उगाच नाही. करांचे दर ठरवायचे तेही महासभेत. शिवाय सभागृहाकडे एक हत्यार असतं ज्याकडे मुलांचं लक्ष जात नाही, ते म्हणजे काहीच न करणं. प्रशासनाचा प्रस्ताव विषयपत्रिकेवर येतो, सोबत गोषवारा जोडलेला असतो, आणि सभागृह म्हणतं, "पुढील सभेपर्यंत स्थगित." नामंजूर म्हणायचीही गरज पडत नाही. फाइल तशीच पडून राहते.

हे हत्यार वॉशिंग्टनमध्येही तेच आहे. फेब्रुवारी 2016 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती स्कॅलिया वारले. राष्ट्राध्यक्ष ओबामांनी मार्चमध्ये त्यांच्या जागी मेरिक गारलंड यांचं नाव सुचवलं. अशा नेमणुकांना मान्यता देणाऱ्या सिनेटमध्ये, म्हणजे काँग्रेसच्या वरच्या सभागृहात, बहुमत विरोधी रिपब्लिकनांचं होतं. त्यांनी नाव फेटाळलं नाही, सुनावणीच घेतली नाही. 293 दिवस ते नाव तसंच लोंबकळत राहिलं आणि जानेवारी 2017 मध्ये आपोआप बाद झालं. ती जागा पुढच्या राष्ट्राध्यक्षांनी भरली. म्हणजे खुर्ची ओबामांकडे होती, पण जागा भरायला खुर्चीबरोबर सभागृहही लागत होतं. ज्यांच्याकडे सभागृह होतं त्यांनी फक्त वाट पाहिली.

इथवर वर्गातले सभागृहवाले खूश असतात. मग मी त्यांना आणीबाणीच्या कलमाकडे नेतो.

आपल्या अधिनियमात कलम 67 मध्येच एक वाट ठेवलेली आहे. तातडीच्या प्रसंगी, लोकांच्या सुरक्षिततेसाठी किंवा महापालिकेची मालमत्ता वाचवण्यासाठी, आयुक्त आधी कारवाई करून नंतर समितीला कळवू शकतात. दरड कोसळली, जलवाहिनी फुटली, तर सभेची वाट पाहत बसणं हा गुन्हा ठरेल, म्हणून ती तरतूद हवीच. पण तातडी कशाला म्हणायचं हे ठरवणारा कोण? तोच, ज्याच्या हातात अधिकार येणार आहे. अमेरिकेत 2018-19 मध्ये हेच मोठ्या आकारात दिसलं. ट्रम्प यांना मेक्सिकोच्या सीमेवरच्या भिंतीसाठी 5.7 अब्ज डॉलर हवे होते, काँग्रेस देईना. सरकारचं कामकाज 35 दिवस अंशतः बंद राहिलं. अखेर ट्रम्प यांनी फेब्रुवारी 2019 मध्ये राष्ट्रीय आणीबाणी जाहीर केली आणि दुसऱ्या कामांचा पैसा भिंतीकडे वळवला. काँग्रेसच्या दोन्ही सभागृहांनी बहुमताने ती आणीबाणी रद्द करणारा ठराव केला. ट्रम्प यांनी त्यावर नकाराधिकार वापरला. तो मोडायला दोन तृतीयांश मतं लागतात. प्रतिनिधीगृहात 248 विरुद्ध 181 मतं पडली. बहुमत स्पष्ट होतं, पण पुरेसं नव्हतं.

खुर्चीचं खरं बळ इथे दिसतं. ती हलते पटकन, आणि तिला थांबवायला साधं बहुमत पुरत नाही. सभागृहाला आपला 'नाही' चालवण्यासाठी नेहमीच्या मतांपेक्षा जास्त मतं गोळा करावी लागतात. बेलापुरात 70, वॉशिंग्टनमध्ये दोन तृतीयांश.

मग मतं पुरूनही माणूस का हलला नाही

या प्रकरणाची गाठ इथे आहे आणि मी वर्गात सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवतो.

13 फेब्रुवारी 2021 रोजी सिनेटमध्ये ट्रम्प यांच्यावरच्या दुसऱ्या महाभियोगाचं मतदान झालं. 57 जणांनी दोषी म्हटलं, 43 जणांनी निर्दोष. लागत होती 67. मतं कमी पडली म्हणून ते सुटले. गणित सरळ आहे. बेलापुरात मात्र मतं कमी पडली नव्हती. रेषा 70 ची होती आणि मतं शंभरावर पडली होती. तरीही माणूस जागेवर राहिला.

कारण आयुक्ताला सभागृह नेमत नाही. राज्य शासन नेमतं. त्यामुळे सभागृहाचा ठराव आयुक्ताला थेट काढत नाही, तो शासनाला सांगतो की याला परत घ्या. कलम 36 च्या भाषेत शासनाला फारशी सवड नाही, असा ठराव झाला की आयुक्ताला परत बोलवायचं. पण त्याच अधिनियमात कलम 451 आहे, ज्याने महापालिकेचा कोणताही ठराव निलंबित किंवा विखंडित, म्हणजे रद्द, करण्याचा अधिकार शासनाला दिलेला आहे. एका हाताने दिलेलं दुसऱ्या हाताने थांबवण्याची सोय कायद्यातच करून ठेवलेली. नगरविकास खातं तेव्हा मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांच्याकडे होतं, आणि सभागृहात त्यांच्या पक्षाचे होते सहा. त्या सहांच्या बाजूने मंत्रालय उभं होतं, आणि ते सहा उरलेल्या सगळ्यांना भारी पडले.

शिवसेना तेव्हा राज्याच्या सरकारात भाजपबरोबर होती हेही लक्षात घ्यावं. मुंबईत मंत्रिमंडळात मांडीला मांडी लावून बसायचं आणि बेलापुरात त्याच सरकारने पाठवलेल्या आयुक्ताविरुद्ध हात वर करायचा, असं दोन्ही एकाच वेळी चाललं होतं.

याला लागून नाशिकचं उदाहरण मी मुद्दाम जोडतो. 2018 मध्ये मुंढे नाशिकचे आयुक्त होते. तिथे भाजपचं स्वतःचं बहुमत होतं, 122 पैकी 66. त्यांनीच अविश्वास ठराव आणायचं ठरवलं. 1 सप्टेंबरला विशेष महासभा ठरली. मुख्यमंत्र्यांच्या सांगण्यावरून ठराव मागे घेतला गेला, मतदान झालंच नाही. आणि नोव्हेंबरमध्ये मुंढे यांची बदली झाली.

दोन्ही प्रकरणं शेजारी मांडा. नवी मुंबईत ठराव मंजूर झाला, आयुक्त जायला पाच महिने लागले. नाशिकमध्ये ठराव मतालाही आला नाही, आणि तीन महिन्यांच्या आत आयुक्त गेले. सभागृहाची ताकद मतांच्या संख्येत असती, तर हे उलटं व्हायला हवं होतं. बदल्यांची कारणं अनेक असू शकतात आणि फाइलवर काय लिहिलं गेलं ते मी पाहिलेलं नाही, पण मला यातून एवढं दिसतं की आपल्याकडे सभागृह ताब्यात असणं तेव्हाच जड होतं, जेव्हा त्याच पक्षाची वर मंत्रालयात वट असते. नाहीतर शंभर मतांचा ठराव हा एक अर्ज असतो.

अमेरिकेत वर कुणी मंत्रालय नाही. राष्ट्राध्यक्षाला लोक वेगळे निवडतात, काँग्रेसला वेगळे. राष्ट्राध्यक्ष काँग्रेस बरखास्त करू शकत नाही. काँग्रेसने केलेला कायदा 'विखंडित' करणारा कुणी सचिव नाही. 1947 मध्ये ट्रुमन यांनी टाफ्ट-हार्टली कामगार कायद्यावर नकाराधिकार वापरला, दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मतांनी तो मोडला, आणि कायदा लागू झाला. ट्रुमन यांना तो आवडत नव्हता, पण पाळावा लागला. 1973 चा युद्ध अधिकार ठराव निक्सन यांच्या नकाराधिकाराला डावलूनच आला. तिथे रेषा ओलांडली की ओलांडली.

फ्रान्सची मांडणी तिसरीच. तिथला राष्ट्राध्यक्ष थेट लोकांतून येतो आणि भलताच बलवान दिसतो, पण पंतप्रधान संसदेचा विश्वास असेल तोवरच टिकतो. 1997 ते 2002 शिराक राष्ट्राध्यक्ष होते आणि संसद समाजवाद्यांकडे होती. देशाचा रोजचा कारभार पंतप्रधान जोस्पँ चालवत होते. तेच राष्ट्राध्यक्षपद, पण संसद हातातून गेल्याबरोबर निम्मं झालं. डिसेंबर 2024 मध्ये पंतप्रधान बार्निए यांचं सरकार 331 मतांनी पडलं आणि त्यांना राजीनामा द्यावाच लागला. मुलांना मी विचारतो, त्या 331 मतांत असं काय होतं जे बेलापूरच्या शंभर मतांत नव्हतं? उत्तर यायला वेळ लागतो, पण येतं.

गावठाणातली मुलगी

तीन वर्षांपूर्वी हे प्रकरण शिकवताना मी जरा जास्तच आयुक्तांच्या बाजूने बोललो असेन. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. आगरी कुटुंबातली, घणसोलीकडच्या गावठाणातली.

"सर, तुम्ही सेक्टरमध्ये राहता ना?"

मी हो म्हटलं.

"आमच्याकडे आयुक्त कोण आहे ते कुणाला माहीत नसायचं. नगरसेवक मात्र हळदीला यायचा. बाबांच्या घराला नोटीस लागली तेव्हा आई आधी त्याच्याच दारात गेली."

एवढंच बोलून ती बसली. पण माझा तो तास तिथेच फिरला.

नवी मुंबई वसली ती 95 गावांच्या जमिनींवर. 1970 मध्ये सिडको आली, भूसंपादन झालं, भाव आणि मोबदल्यावरून 1984 ला उरणमध्ये मोठं आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले. त्यानंतर साडेबारा टक्के योजना आली, म्हणजे घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची. गावठाणाची हद्द मात्र कुटुंबं वाढली तशी वाढली नाही. मुलगा मोठा झाला, लग्न झालं, त्याच्यासाठी मागच्या जागेत खोली उभी राहिली, तिच्यावर आणखी एक. त्यांना इथे 'गरजेपोटी बांधलेली घरं' म्हणतात. सेक्टरातल्या माणसाला ते अनधिकृत बांधकाम दिसतं. त्यातली काही खरोखरच गरजेच्या नावाखाली बांधलेल्या भाड्याच्या चाळी असतात, हेही खोटं नाही. पण त्या मुलीच्या आईसाठी प्रश्न कायद्याचा नव्हता. दार कुणाचं वाजवायचं हा होता.

आयुक्ताची खुर्ची तिच्यासाठी नव्हतीच. तिची ओळख होती सभागृहातल्या एका खुर्चीशी. तो नगरसेवक कारवाई थांबवू शकत होता असं नाही, पण तो विषय लक्षवेधीत मांडू शकत होता, प्रशासनाला उत्तर द्यायला लावू शकत होता, आणि हे जमत नसेल तर किमान पुढच्या निवडणुकीत तिच्या दारात येताना त्याला मान खाली घालावी लागत होती. आयुक्ताला तिच्या दारात कधी यावंच लागत नाही.

मी 2016 मध्ये चिडलो होतो, ती चीड चुकीची होती असं मी म्हणणार नाही. पण मी तेव्हा एकाच खिडकीतून पाहत होतो.

सभागृह नसलेली वर्षं

नियतीने आमच्या शहराला याच प्रश्नाचा दुसरा अर्धाही दाखवला. 2019 मध्ये शहरातले राष्ट्रवादीचे नेते गणेश नाईक भाजपमध्ये गेले आणि त्यांच्यामागून पक्षाचे बहुतेक नगरसेवकही गेले. ज्या सभागृहात तीन वर्षांपूर्वी भाजप सहाच्या पलीकडे नव्हता, ते एकही मत न पडता भाजपचं झालं. आणि हे होतंय न होतंय तोच मे 2020 मध्ये सभागृहाची मुदत संपली. करोनामुळे निवडणूक पुढे गेली. मग ओबीसी आरक्षणाचा प्रश्न, प्रभागरचना, न्यायालयातल्या तारखा. आयुक्तच प्रशासक झाले. ठाण्यातही मार्च 2022 पासून तेच.

म्हणजे पाच वर्षांहून जास्त काळ या शहरात महासभा नव्हती, स्थायी समिती नव्हती. अंदाजपत्रक करणारा आणि मंजूर करणारा एकच. विषय मांडणारा आणि त्यावर ठराव करणारा एकच. खुर्चीवाल्यांच्या युक्तिवादाची याहून मोठी परीक्षा कुठली असणार?

शहर चाललं. हे कबूल केलं पाहिजे. मोरबे धरणाचं पाणी येत राहिलं, कचरा उचलला गेला, नवी मुंबई स्वच्छतेत देशात वरच्या क्रमांकांत राहिली. चांगले अधिकारी असतील तर काम सभागृहाविना होतं, काही कामं लवकरही होतात. सभागृह म्हणजे नुसता अडथळा असं मानणाऱ्यांना इथे भरपूर पुरावा मिळेल.

पण विषयपत्रिका उघडून पाहायची सवय असलेल्या माणसाला फरक लगेच कळत होता. पूर्वी महासभेच्या आधी छापील विषयपत्रिका यायची. एखाद्या उद्यानाच्या कामाचा विषय असला की त्या प्रभागाचा नगरसेवक उठून विचारायचा, ही रक्कम मागच्या वेळी इतकी होती, आता दुप्पट का? विचारण्यामागे त्याचा हेतू कधी शुद्ध असायचा, कधी नसायचा. तरी प्रश्न कामकाजाच्या नोंदीत जायचा आणि उत्तर द्यावं लागायचं. दुसऱ्या दिवशी पेपरात दोन ओळी यायच्या, त्या वाचून आमच्या कॉलनीत चर्चा व्हायची. सभागृह गेल्यावर पैसे खर्च होणं थांबलं नाही. प्रश्न थांबला. माहिती हवी असेल तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका, तीस दिवस थांबा. भर सभेत, सगळ्यांच्या कानांवर पडेल असं विचारणारा कुणी उरला नव्हता.

या काळाने माझं मत बदललं. एखाद्या पक्षाने मला विचारलं की पाच वर्षांत लोकांना दिसेल असं काही करून दाखवायचं आहे, काय मागू, तर मी आजही खुर्ची म्हणेन. कार्यकारी सत्ता डोळ्यांना दिसते आणि श्रेय तिलाच मिळतं. ठाण्यात रस्ते रुंद झाले ते लोक आजही तेव्हाचे आयुक्त टी. चंद्रशेखर यांच्या नावाने सांगतात, त्या वेळच्या महासभेच्या नावाने नाही. पण केलेलं टिकवायचं असेल तर सभागृह लागतं. ओबामांनी 2012 मध्ये लहानपणी अमेरिकेत आलेल्या स्थलांतरितांना संरक्षण दिलं ते प्रशासकीय आदेशाने, कारण काँग्रेस कायदा करीना. 2017 मध्ये पुढच्या प्रशासनाने ते मागे घ्यायला घेतलं आणि लाखो तरुण वर्षानुवर्षं न्यायालयाच्या तारखांवर जगत राहिले. त्याच ओबामांचा 2010 चा आरोग्यविम्याचा कायदा काँग्रेसमधून आला होता. विरोधकांनी तो रद्द करायचा जिवापाड प्रयत्न केला, 2017 मध्ये दोन्ही सभागृहं आणि राष्ट्राध्यक्षपद तिन्ही त्यांच्याकडे असताना सुद्धा. सिनेटमध्ये तो एका मताने वाचला. आदेश आणि कायदा यांच्यात एवढं अंतर असतं.

आपल्या राज्याने याबाबतीत इतक्या वेळा मन बदललं आहे की मुलांना तारखा पाठ करताना घाम फुटतो. नगरपालिकांचा नगराध्यक्ष थेट जनतेतून निवडायचा की नगरसेवकांतून? 2001 मध्ये थेट, 2006 मध्ये पुन्हा नगरसेवकांतून, 2016 मध्ये थेट, 2020 मध्ये नगरसेवकांतून, 2022 मध्ये पुन्हा थेट. 2016 पासून तर सरकार बदललं की पद्धत बदलली. आणि थेट निवड असते तेव्हा कितीतरी गावांत नगराध्यक्ष एका पक्षाचा आणि बहुमत दुसऱ्याचं, असं होतं. मग पहिल्या सभेपासून विषयपत्रिकेवरून ओढाताण. दर काही वर्षांनी नियम बदलणाऱ्यांना हे ठाऊक नसतं असं नाही. नव्या पद्धतीने आपल्या पदरात काय पडेल, हेच आधी पाहिलं जातं, असं माझं प्रामाणिक मत आहे.

15 जानेवारी 2026 ला अखेर मतदान झालं. 2015 नंतर पहिल्यांदा. माझ्या वर्गातली सत्तावीस-अठ्ठावीस वर्षांची मुलं, ज्यांनी लोकसभेला दोनदा मत दिलेलं होतं, ती आयुष्यात पहिल्यांदा नगरसेवक निवडत होती. या वेळी बहुतेक प्रभाग चार सदस्यांचे होते, तिथे प्रत्येकाला चार मतं.

दुपारी त्या गावठाणातल्या मुलीचा फोन आला. ती आता एका खाजगी कंपनीत नोकरी करते, परीक्षेचा अभ्यासही चालू आहे. रांगेत दीड तास गेला म्हणाली.

"सर, चार बटणं दाबली. आईने मला बाहेर आल्यावर विचारलं, आता काही लागलं तर या चौघांपैकी कुणाकडे जायचं? मला सांगता आलं नाही. तुम्ही सांगा."